जवाईबुवा पाण्यात उतरणार

देवकाबाईंनी कापराच्या वड्या ठेवायला म्हणून लाकडी पेटी उघडली आणि तशाच मटकन खाली बसल्या. पेटीत पिवळ्या फडक्यात बांधलेली दोन बोचकी होती. एकात थोरल्या महालक्ष्मीचा पितळी मुखवटा होता. दुसऱ्यात धाकटीचा असायला हवा होता, त्यातून निघाली झेंडूची फुलं, आघाडा, दुर्वा आणि विड्याची कोमेजलेली पानं.

“अवो, ऐकलं का? धाकटी गेली!”

रूपराव ओसरीत जावयासोबत चहा घेत होते. त्यांच्या हातातली बशी थांबली. “कोन धाकटी? समुद्रपूरवाली मावशी?”

“मावशी नाई जी, महालक्ष्मी! निर्माल्याच्या जागी देवीच गेली तलावात!”

बशी जमिनीवर आली, पण जावयाच्या हातातली. जावई म्हणजे मुकेश. काल संध्याकाळी तलावात बोचकं सोडणारे हात त्याचेच होते.

गिरडजवळच्या त्या गावात रूपरावांच्या घरी दर भाद्रपदात तीन दिवस महालक्ष्म्या बसत. मुखवटे पिढीजात. तिसऱ्या दिवशी ते फडक्यात बांधून पेटीत ठेवायचे आणि निर्माल्य तेवढं तलावात सोडायचं, ही रीत. यंदा देवकाबाईंनी दोन्ही कामांना एकच जुनं पिवळं लुगडं फाडलं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, दीडशे पानांची पंगत, एवढं सगळं उरकून त्यांचे डोळे मिटायला आले होते. त्यांनी दोन बोचकी पेटीत ठेवली, तिसरं जावयाच्या हातात दिलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं ते काठाशी गुडघाभर पाण्यात सोडलं असतं आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण मुकेश उन्हाळ्यात मित्रांबरोबर कोकणात जाऊन समुद्राखाली डुबकी मारून आला होता. तेव्हापासून पाणी कुठलंही असो, तिथे चार शब्द बोलण्याचा हक्क आपला, असं त्याला वाटे. “काठावर कायले टाकता मामाजी, घाण होते. मधात नेऊन सोडतो,” असं सासऱ्यांना म्हणून त्यानं श्रावण नावाड्याला डोंगा काढायला लावला, तलावाच्या मधोमध उभा राहिला आणि बोचकं फेकलं. ते सरळ डुबुक करून तळाला गेलं. “निर्माल्य असावं तं असं,” असंही तो म्हणाला होता. ते आता त्याला आठवलं आणि त्याचा उजवा पाय हलू लागला.

मुकेशला एका जागी स्वस्थ बसणं कधी जमलंच नव्हतं. वर्ध्याला सोलर पंपाच्या एजन्सीत गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा त्याचा पाय टेबलाखाली शिवणयंत्रासारखा चाले. आज तर चहाचे कप खुळखुळायला लागले.

“हातात घेतल्यावर जड नाई लागलं का तुमाले?” तानाबाईंनी दारातूनच विचारलं. तानाबाई ही रूपरावांची आत्या. तरुणपणीच माहेरी परतलेली, आता दात पडलेली, पण जिभेला धार तशीच.

“मले वाटलं फुलं ओली असतील,” मुकेश म्हणाला.

“आन् तू वं देवका? माह्या जिजा वयनीनं उमरभर महालक्ष्म्या मांडल्या. टाचनीबी इकडची तिकडं झाली नाई.”

जिजा वहिनी म्हणजे देवकाबाईंच्या स्वर्गवासी सासूबाई. त्यांचं नाव निघालं की देवकाबाई आजही हातातलं काम टाकून उभ्या राहत. त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मुकेशची बायको मयुरी धावत आली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

“जाऊ द्या आता,” तानाबाई जरा घाईनं म्हणाल्या. “गेली ते गेली. देवीची मर्जी. वर्ध्याच्या बाजारातून नवी आनू.”

“नवी कायले?” रूपराव एकदम उठले. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. “अवो, आपले जवाईबुवा पानबुडे हायेत ना!”

याला कारण होता एक व्हिडिओ. निळ्या पाण्यात, माशांच्या घोळक्यात मुकेश तरंगतोय आणि अंगठा उंचावून दाखवतोय. महाप्रसादाच्या पंगतीत हा मोबाइल पानापानाला फिरला होता. व्हिडिओत एक हात मात्र दिसत नव्हता. मुकेशच्या पाठीवरचं सिलेंडर घट्ट धरून ठेवणारा तिथल्या माणसाचा हात. तेवढा भाग मुकेशनं कापून टाकला होता. डुबकीच्या आधी त्या माणसानं “पोहता येतं का?” असं विचारलं होतं आणि मुकेशनं “नाही” म्हटलं होतं, हेही व्हिडिओत नव्हतं. “हरकत नाही, फक्त हातपाय हलवू नका,” असं उत्तर मिळालं होतं. पोहण्यापेक्षा मुकेशला तेच जड गेलं होतं.

“उतरलो असतो मामाजी. एका मिनिटात,” तो म्हणाला. “पन सामान नाई ना! चष्मा नाई, पायातले फिन नाई.”

“हाये की,” मयुरी म्हणाली. “हॉलमदल्या भिंतीवर टांगून ठेवलेत तुमी.”

मुकेशनं बायकोकडे पाहिलं. पण ती आईचे डोळे पुसण्यात गुंतली होती. रूपरावांनी लगेच वर्ध्याला, मुकेशच्या नालवाडीत फोन लावला. मुकेशच्या शेजारच्या प्रभाकररावांकडे घराची किल्ली होती. त्यांनी सामान पिशवीत घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलं आणि दुपारच्या गाडीनं ते फाट्यावर हजर झालं. “हे बदकाचे पाय कोनाचे?” ड्रायव्हर फिन हातात धरून ओरडला. फाट्यावरच्या लोकांनी ते घरापर्यंत मिरवत आणले आणि जवाईबुवा पाण्यात उतरणार ही बातमी पिशवीच्या आधी गावात पोचली.

“पन मामाजी, मुख्य गोष्ट सिलेंडर. सिलेंडरबिगर खाली श्वास कसा घेनार?”

रूपराव चप्पल घालून गेले आणि तासाभरात मोटारसायकलवर ऑक्सिजनचं सिलेंडर आडवं बांधून आले. पलीकडच्या आळीत एकानं म्हाताऱ्या वडिलांच्या दम्यासाठी घेऊन ठेवलं होतं. मुकेश त्या सिलेंडरभोवती दोनदा फिरला.

“हे नाई चालत. खाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तं झटके येतात. साधी हवाच लागते, दाबून भरलेली.”

“हवाच ना?” रूपरावांनी मांडीवर थाप मारली. “थे तं पंक्चरवाला भरून देते!”

“त्याच्या मशिनीत तेल असते, मामाजी. थे हवा फुफ्फुसात गेली तं मानूस वर येतच नाई.”

हे दोन्ही खरं होतं. मुकेशनं सकाळी आंघोळीच्या नावाखाली न्हाणीत बसून मोबाइलवर पाण्याखाली उतरण्याचे सगळे नियम वाचून काढले होते. माणूस बुडू नये म्हणून केलेले ते नियम. वाचता वाचता त्याला वाटलं, हे सगळे कुणीतरी खास आपल्यासाठीच लिहून ठेवले आहेत. जितके नियम तितक्या पळवाटा. पण झालं भलतंच. त्यानं एक नियम सांगितला की रूपरावांचा विश्वास बोटभर वाढे.

“पाहा, किती शिस्त हाये!” ते ओसरीत जमलेल्या लोकांना सांगत. “दुसरा असता तं मारली असती उडी. मानूस शिकला की असं होते.”

मग मुकेशला सर्दी झाली. सर्दी असली की खाली कानावर दाब येतो, पडदा फाटतो, असं त्यानं रुमालाआडून सांगितलं. देवकाबाईंनी रडणं थांबवलं आणि चुलीवर काढा ठेवला. आलं, मिरी, तुळस, गवती चहा आणि आणखी काय काय घालून तो असा उकळला की मुकेशला नसलेली सर्दीसुद्धा गेली. मग पोट भरलं असताना उतरू नये, हे त्याला आठवलं आणि तो जेवायलाच बसला. सासुरवाडीत जावयानं मागून पोळ्या घ्याव्यात आणि त्या मिळू नयेत असं होत नाही. पण जेवण कधी ना कधी पचतं, हा त्यातला दोष होता.

“आन् मामाजी, डोंग्यावर झेंडा पाह्यजे. लाल. त्यावर तिरपा पांढरा पट्टा. खाली मानूस हाये, हे लोकाईले समजलं पाह्यजे.”

“तलावात कोनती जहाजं येऊन राह्यली, बापा?” तानाबाईंनी विचारलं.

“नियम म्हंजे नियम, आत्या,” रूपराव म्हणाले. मयुरीनं लाल ब्लाऊजपीसवर पांढऱ्या ओढणीची पट्टी टाचली आणि झेंडा तयार झाला. डोंग्यावरच्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं म्हणताच तालुक्याहून ओळखीच्या माणसाकडून नारिंगी जॅकेटं आली. नांगर हवा म्हणताच श्रावणनं वखराची जुनी लोखंडी पास दोराला बांधली.

तानाबाई सारख्या आत-बाहेर करत होत्या. मधूनच देवकाबाईंना बोल लावायच्या, मधूनच म्हणायच्या, “कायले जिवावर उदार होता जवाई? नवी आनू ना. पितळ म्हंजे पितळच.” मुकेशला त्या म्हातारीचा एवढा आधार कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेवटचा दगड टाकला. “मामाजी, सगळं झालं. सिलेंडरबी मिळंल एखांद्या वेळी. पन एकट्यानं उतरता येत नाई. जोडीदार पाह्यजे. शिकलेला. त्याच्याबिगर पान्यात पाय ठेवाचा नाई, हा सगळ्यात मोठा नियम. आन् असा मानूस वर्धा जिल्ह्यात कोठून भेटंन?”

रूपराव हसले. “भेटली.”

“भेटली?”

“गुंजन मॅडम. आपल्या व्हॉट्सअपच्या गटावर टाकलंतं मी, तं एकानं फोन करून ठरवून देल्लं. तुमच्याच नालवाडीची पोरगी. अंदमानले काम करत होती, आता वर्ध्यात पोरायले पोहनं शिकवते. स्वतःचं सामान हाये, दोन सिलेंडर हायेत. उद्या सकाळी येते.”

मुकेश “अरे वा” म्हणाला. मग उठला, अंगणात गेला, परत आला, पाणी प्यायला, पुन्हा अंगणात गेला. विहिरीपाशी जाऊन आत वाकून पाहिलं आणि लगेच मागे सरला. मयुरी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“काई सांगाचं हाये का तुमाले?” तिनं विचारलं.

“मले? नाई. कायले?”

“तसंच,” ती म्हणाली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

गुंजन सकाळी जीप घेऊन आली. काटक, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी. तिनं तलावाच्या काठावर ताडपत्री अंथरून सामान मांडलं आणि ते बघायला सगळं गाव गोळा झालं. तिनं डोंग्याला बांधलेला नांगर ओढून पाहिला, जॅकेटांचे पट्टे तपासले, झेंड्याकडे पाहून मान हलवली. मग ऑक्सिजनचं सिलेंडर पाहून म्हणाली, “हे कोणी आणलं?”

“मीच आनलं,” रूपराव ओशाळून म्हणाले. “पन थे चालत नाई म्हने.”

“खाली न्यायला नाही चालत. पण डोंग्यावर हवंच. काही झालं तर वर आल्याबरोबर हेच द्यावं लागतं. फार चांगलं केलं, काका.”

रूपरावांनी जमलेल्या लोकांकडे असं पाहिलं की दोन माणसं आपणहून मागे सरकली.

“आणि तुम्ही सर,” गुंजन मुकेशकडे वळली, “शिकलात कुठे?”

“तिकडेच,” मुकेश म्हणाला आणि हातानं साधारण समुद्राची दिशा दाखवली. ती नागपूरची होती.

डोंग्यात गरजेपुरतीच माणसं, असं गुंजननं बजावलं. वल्हवायला श्रावण. देवी हातात घ्यायला देवकाबाई. तानाबाई कुणी बोलावलं नसताना जॅकेट घालून आधीच जाऊन बसल्या होत्या. “हिच्या हाती बोचकं देल्लं तं ही पुन्हा टाकंन,” एवढंच त्या म्हणाल्या आणि कुणाच्या सांगण्यावरून उठल्या नाहीत. रूपराव आणि मयुरी काठावर राहिले.

तलावाच्या मधोमध नांगर पडला. गुंजननं मुकेशच्या पाठीवर जॅकेट आणि सिलेंडर चढवलं, कमरेला शिशाचा पट्टा बांधला. त्या वजनानं तो अर्धा वाकला. त्याचं बोलणं थांबत नव्हतं. पाणी फार गढूळ आहे, वारा सुटलाय, ढग येतील असं वाटतंय, मागच्या वर्षी इथे मगर दिसली होती म्हणतात.

“कोनी म्हनते?” श्रावणनं विचारलं.

“ऐका,” गुंजन म्हणाली. “खाली श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना घाई नाही. कान दुखले तर नाक दाबून हळूच फुंकायचं. शिशाचा पट्टा एका हातानं सुटला पाहिजे, सोडून दाखवा. बरं. आता खुणा. बोट आणि अंगठ्याचा गोल म्हणजे ठीक आहे. नुसता अंगठा वर म्हणजे मला वर न्या.”

“अंगठा म्हंजे मस्त नाई?” मुकेशनं विचारलं.

“नाही. वर न्या.”

कोकणात तो ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवायचा आणि तो माणूस दर वेळी त्याला वर का काढायचा, हे मुकेशला त्या क्षणी समजलं. ‘सारखं बाहेर काढून पुन्हा आत नेतो’ अशी त्या माणसाची तक्रारही त्यानं केली होती.

“आणि शेवटचा नियम,” गुंजन पाण्याकडे बघत, जरा मोठ्यानं म्हणाली. “उतरायच्या आधी, अगदी काठावर बसल्यावरसुद्धा, कोणीही म्हणू शकतं की आज मी उतरत नाही. त्याला कारण विचारायचं नाही. हसायचं नाही. नंतरही टोमणा मारायचा नाही.”

तिचं वाक्य संपायच्या आत मुकेशचा हात वर गेला होता.

“मी उतरत नाई.”

“काऊन जी?” देवकाबाईंच्या तोंडून निघालंच.

“विचारायचं नाही, मावशी.”

“हा कोनता नियम, बाई?” तानाबाई म्हणाल्या. “उद्या भाजी खारट झाली तं तेबी इचारू नये म्हनतीन!”

गुंजननं मुकेशच्या अंगावरचं ओझं उतरवलं, तेव्हा त्याला आपण जमिनीपासून वीतभर वर उचललो गेलो असं वाटलं. जोडीदार नाही म्हणजे आता डुबकी रद्द, असं धरून तो चाललाच होता, पण गुंजननं पिशवीतून दोराचं वेटोळं काढलं.

“तलाव फार खोल नाही. माझ्याकडे जादा हवेची छोटी बाटली आहे आणि असं दोरावर उतरायचं शिक्षण मी घेतलंय. पण मग वर दोर धरणारा माणूस पक्का लागतो. तो तुम्ही. एक झटका म्हणजे ठीक. लागोपाठ झटके म्हणजे धोका. माझा जीव तुमच्या हातात आहे, सर. दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही.”

ती पाठमोरी पाण्यात कलली आणि दिसेनाशी झाली. वर बुडबुडे येत राहिले.

मुकेशनं दोर दोन्ही हातांनी धरला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली. थोड्याच वेळात गुंजनचं डोकं पाण्याबाहेर आलं. “काय झालं?”

“काई नाई. तुमाले काय झालं?”

“तुम्ही सारखा धोका सांगताय!”

सगळ्यांनी खाली पाहिलं. मुकेशचा उजवा पाय चालू होता. पायाचा गुडघ्याला, गुडघ्याचा कोपराला, कोपराचा दोराला, असा धोक्याचा संदेश अखंड तळाला जात होता.

गुंजन पुन्हा खाली गेली. तानाबाई सरकत आल्या आणि त्यांनी आपला हाडकुळा हात मुकेशच्या गुडघ्यावर दाबून धरला. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या, ते मुकेशला ऐकू आलं. त्याला वाटलं, देवीचं नाव असेल. पाय थांबला. मग बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आपण हललेलो नाही. तो फक्त बुडबुड्यांकडे बघत होता. ते जरा थांबले की त्याचाही श्वास थांबे, आले की सुटे. माशी नाकावर बसली, ती त्यानं बसू दिली. पाठीला रग लागली. देवकाबाईंनी पाणी पुढे केलं, ते त्यानं घेतलं नाही. खालून अधूनमधून एक झटका येई, तो एक झटका देई.

गुंजन पहिल्यांदा वर आली ती एक नारळ आणि कुणाचा तरी तांब्या घेऊन. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या हातात पिवळं बोचकं होतं. देवकाबाईंनी ते छातीशी धरलं, गाठ सोडली. धाकटी महालक्ष्मी चिखलाच्या एका फराट्याशिवाय जशीच्या तशी होती.

“माय माही!” देवकाबाई रडतच हसल्या. काठावरून रूपरावांचा आवाज आला, “मिळाली का वं?” त्यांनी मुखवटा उंच धरून दाखवला.

“थांबा,” गुंजन म्हणाली. “चाचपताना हाताला आणखी काहीतरी लागलंय. गाळातून नाक वर आल्यासारखं.”

“राहू दे वं पोरी!” तानाबाई जवळजवळ ओरडल्या. पण गुंजन गेलेली होती.

या वेळी तिनं आणला तो काळाठिक्कर पडलेला, शेवाळलेला मुखवटा. देवकाबाईंनी तो घेतला आणि सहज म्हणून पदरानं पुसला. पुसता पुसता त्यांचा हात मंद झाला. हनुवटीवर तीळ होता. भिवयांची वळणं, ओठाचा कोपरा, नथीचं भोक, सगळं घरच्या थोरलीसारखं. एकाच साच्यातलं. पिवळ्या बोचक्यातल्या धाकटीचा चेहरा जरा लांबोळा होता. बहिणी बहिणी सारख्याच असतात का, असं सासूबाई म्हणायच्या.

“आत्याबाई,” देवकाबाई सावकाश म्हणाल्या, “हे पाहा बरं.”

तानाबाईंनी पाहिलं नाही. त्या मुकेशच्या गुडघ्यावरचा आपला हात बघत होत्या.

“मीच टाकलंतं, निर्माल्य म्हनून,” त्या म्हणाल्या.

श्रावणनं वल्ही उचलून आडवी ठेवली.

“रूप्या रांगत होता तवा. तलाव लहान होता, इथंच काठ होता. मी नवी नवी माघारी आलती. दादा तसाच रागात. त्यात हे झालं. मले वाटलं, आता घराबाहेरच काढते. तं वयनी बोलली, तू गप राह्य. माहेरी जाते म्हनून गेली आन् वर्ध्याहून दुसरी घेऊन आली. दादाले मरेपर्यंत समजलं नाई. मलेबी वयनी पुन्हा कधी एका शब्दानं बोलली नाई.”

“सासूबाई?” देवकाबाईंनी विचारलं. ज्या बाईनं आपल्या करपलेल्या पोळीचा हिशेब तिन्हीसांजेपर्यंत मांडला, तिची ही गोष्ट त्यांना कुठे बसवावी ते कळेना. “मंग तुमी दोन दिवस मले काऊन बोलून राह्यल्या?”

“भेव लागलं वं. पानबुडा उतरला म्हंजे हेबी निघंन. बोलत राह्यली. गप बसवेना.”

देवकाबाईंनी दोन्ही मुखवटे मांडीवर घेतले. मग काळा मुखवटा फडक्यात गुंडाळला आणि तानाबाईंच्या जॅकेटाच्या आत सरकवला. “हे तुमच्यापाशीच असू द्या, आत्याबाई. घरी गेल्यावर चिंचेनं घासू दोघी.”

“मी तं काई पाह्यलं नाई,” श्रावण आभाळाकडे बघत म्हणाला.

मुकेशच्या हातात दोर अजून तसाच घट्ट होता. “मामी,” तो म्हणाला, “मलेबी सांगाचं हाये. मले पोहताच येत नाई.”

“थे मयुरीनं काल मले सांगतलं,” देवकाबाई म्हणाल्या.

“आणि मला फोनवर,” डोंग्याच्या कडेला धरून गुंजन म्हणाली. “म्हणाली, त्यांना आपल्या तोंडानं सांगू द्या. नाही सांगितलं तरी पाण्यात जाऊ देऊ नका. म्हणून तर तो नियम एवढ्या मोठ्यानं सांगितला. आता दोर सोडा, सर. मी वर आलेय.”

मुकेशनं दोर सोडला. त्याच्या तळव्यांवर पीळ उमटले होते.

काठावर रूपरावांनी नारळ फोडला, गुलाल उधळला आणि जावयाला मिठी मारली. जवाईबुवांनी देवीला दोरावर कसं तोलून वर आणलं, हे ते न पाहताच लोकांना सांगू लागले. मुकेशनं खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मयुरीनं त्यात खोबऱ्याचा तुकडा घातला. तानाबाई जॅकेट काढायला तयार नव्हत्या. थंडी वाजते म्हणाल्या आणि भर दुपारी ते नारिंगी जॅकेट घालूनच घरी चालत गेल्या.

जेवणं झाली. गुंजन गेली. मुकेश ओसरीत पलंगावर पडला होता आणि रविवारपासून तिच्या पोहायच्या वर्गाला जायचं, तिथल्या बारक्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं, याचा विचार करत होता. रूपराव दारातून डोकावले, आत गेले, पुन्हा आले. पलंगाच्या कडेवर बसले, उठले. मागच्या अंगणातून चिंचेनं पितळ घासल्याचा आणि दोन बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. रूपरावांनी दार लोटून घेतलं.

“जवाईबुवा, त्या पोरीचा नंबर हाये ना तुमच्यापाशी?”

“हाये. काऊन?”

“वावरातल्या विहिरीचं काम होतं जराक.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “सासऱ्यानं लग्नात घड्याळ देल्लंतं मले. चोरीले गेलं म्हनून सांगतलंतं तुमच्या मामीले. दोन वर्सं हळहळली बिचारी. थे काई चोरीले गेलं नाई.”

ते विहिरीत कसं पडलं, हे मुकेशला विचारावंसं वाटलं. पण त्यानं नुसता मोबाइल काढला आणि नंबर दिला.

रूपरावांनी तो दोनदा वाचून पाहिला. दारापाशी जाऊन ते थांबले.

“आन् दोर तुमीच धरजा,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोनाचा भरोसा नाई.”